बाही वर कर

लोता, १४ मार्च १९९९

एल्सिरा,

वरती काय लिहावं यातच माझी सकाळ गेली. ‘लाडके’ लिहिलं तर तू तिथेच फाडशील, आणि नुसतं नाव लिहिलं तर सरकारी कागद वाटतो. शेवटी नुसतं नावच ठेवलं. पत्ता शेजारच्या सुनिल्दाबाईंकडून मिळवला, तू फक्त त्यांनाच लिहितेस. त्यांच्यावर चिडू नकोस. तीन आठवडे मी रोज त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसत होतो, तेव्हा कुठे त्या वैतागल्या. “हा घ्या पत्ता, आणि माझी खुर्ची मोकळी करा,” म्हणाल्या.

तुला जाऊन या महिन्यात पाच वर्षं झाली. तिकडे दक्षिण टोकाला, पुन्ता आरेनासला, वाऱ्याच्या दिवसांत रस्त्यावर दोर बांधतात, ते धरून चालावं लागतं, असं ऐकलंय. तुला मुलगी झाल्याचंही सुनिल्दाबाईंकडूनच कळलं. नाव मात्र त्या सांगेनात. “ते तिच्याच तोंडून ऐका,” म्हणाल्या.

इथली खाण बंद होऊन दोन वर्षं होत आली. मी आता समुद्रातला कोळसा काढतो. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जाळं ओढायचं, निघेल तो कोळसा वाळूवर पसरायचा, वाळला की पोत्यात भरायचा. खाली एकोणतीस वर्षं काढली, आता वर आलो, तरी हात काळेच.

रविवारी आपल्या चर्चची मंडळी अजून बाजाराच्या कोपऱ्यावर उभी राहते. गिटारी, मेंडोलिनं, सगळं होतं तसंच. पोरं अजून आम्हा रस्त्यावर उपदेश करणाऱ्यांना “कानुतो! कानुतो!” असं चिडवून पळतात. मी मात्र सध्या तिथे साक्ष देत नाही. घसा बसलाय. थंड पाण्यात उभं राहून राहून होतं असं.

एक विचारायचंय. त्या रविवारी तू कोपऱ्यावरून चालायला लागलीस ती परत आलीच नाहीस. मी काय खोटं बोललो होतो ग? मी दारुडा होतो हे सांगितलं. दारूच्या नशेत तुझ्या हातावर उकळतं पाणी टाकलं हे सांगितलं. देवाने मला गटारातून उचललं हे सांगितलं. माझी साक्ष ऐकून चौदा माणसं मंडळीत आली. एवढ्यासाठी मुलीने बापाचं तोंड बघू नये?

उत्तर लिही.

तुझा पापा,
कुस्तोदिओ


लोता, २ मे १९९९

एल्सिरा,

सुनिल्दाबाईंनी तुला पत्र टाकलं, असं त्यांनीच मला तोंडावर सांगितलं. “तुमचा घसा ठणठणीत आहे हे मी लिहिलंय. बाकीचं तुम्ही लिहा. मी कुठवर तुमची हमाली करू?”

तर लिहितो. घसा बसलेला नाही. मला बसवलंय.

गेल्या नोव्हेंबरात लिंदोर गेला. तुला आठवत असेल, डाव्या डोळ्याने तिरळा, तुला खांद्यावर घेऊन नाचायचा. एकोणीस वर्षं आम्ही खाली शेजारी शेजारी काम केलं. मयताला गेलो. त्याच्या भावाने पेला पुढे केला आणि म्हणाला, “लिंदोरच्या नावाने एक घोट तरी घे. का तुझा देव त्यालाही रागावेल?” मी घेतला. नंतरचे अकरा दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. अकरा वर्षं कोरडा होतो, एकेका वर्षाला एकेक दिवस पुरला.

त्या अकरा दिवसांत एक रविवार होता. घरी पडून राहिलो असतो तर आजारी आहे म्हणून निभावलं असतं. पण मी टाय लावला, मेंडोलिन घेतलं आणि कोपऱ्यावर गेलो. माझी पाळी आली तशी पुढे झालो आणि नेहमीसारखा मोठ्याने म्हणालो, “बंधूंनो, अकरा वर्षं या जिभेला एक थेंब लागलेला नाही!” मासे विकणारी ती जाडी बाई ओरडली, “अहो बंधू, मग तो थेंब शर्टावर कुणाचा सांडलाय?” सगळा बाजार हसला. पाळक अबेलार्दोंनी मला दंडाला धरून मागे घेतलं.

एक वर्षाची शिस्त लावली. शेवटच्या बाकावर बसायचं. प्रभुभोजन नाही, मेंडोलिन नाही, साक्ष नाही. वर्ष धड गेलं तर मंडळीपुढे पुन्हा साक्ष द्यायची आणि आपल्या जागी परत यायचं. पाळकांनी हे दार लावून, हळू आवाजात सांगितलं. त्यांचेच डोळे भरले होते. माझे नव्हते. मी मनात म्हणत होतो, बघूच, माझ्याशिवाय कोपऱ्यावर कोण थांबतंय ते.

हे तुला कळवायचं नव्हतं. तू हसशील असं वाटलं.

पापा


लोता, २० जून १९९९

एल्सिरा,

तुझं उत्तर नाही. तरी लिहितो. पाऊस इतका आहे की समुद्रावर जाता येत नाही आणि घरात भिंतींकडे किती बघणार?

शेवटच्या बाकावर कोण कोण असतं ते ऐक. रडक्या पोरांच्या आया, म्हणजे पोर रडलं की पटकन बाहेर नेता येतं. एक बहिरी म्हातारी. आणि नोलास्को. तो विश्वासाबिश्वासाला येत नाही, मंडळीतली शेगडी मागच्या बाजूला आहे म्हणून येतो. पहिल्या दिवशी मला बघून सरकला आणि म्हणाला, “ये कुस्तोदिओ, बस. माझ्या एकट्याच्या तोंडाचा वास येत होता, आता कोणाचा ते कळायचं नाही.” मला त्याचा असा संताप आला होता! आता सवय झाली.

पुढे बसायचो तेव्हा मला पाळक दिसायचे. मागून नुसत्या माना दिसतात. गेल्या रविवारी एफ्राइनची साक्ष होती. तो मंडळीत आला तो माझीच साक्ष ऐकून, त्या चौदांतला तो तिसरा. बोलतोही अगदी माझ्यासारखाच, तसाच हात वर करतो, तसाच मध्ये थांबतो. त्याने सांगितलं, दारूच्या नशेत मी बायकोला मारायचो, एकदा तिचा दात पाडला, आणि बघा देवाने काय केलं. मग म्हणाला, “मिर्ता, उभी राहा, बंधुभगिनींना दाखव.” सगळे “देवाला गौरव!” म्हणाले, तीनदा, जोरात. मिर्ता उभी राहिली. माझ्या जागेवरून मला तिची मान दिसत होती. ती खालून वर कानांपर्यंत लाल होत गेली. तिच्या हातांत शालीचं टोक होतं, ती ते बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

मी उठून बाहेर गेलो. रडक्या पोराला नेतात तसं मीच मला बाहेर नेलं.

एल्सिरा, सात वर्षं दर रविवारी मी तुला त्या कोपऱ्यावर माझ्या मागे उभी करायचो. बरोबर वेळ आली की न वळताच म्हणायचो, “मुली, बाही वर कर.” पाऊस असला तरी. तू अकरा वर्षांची होतीस तेव्हापासून तू अठरा वर्षांची होईपर्यंत. लोक तुझा हात बघून कळवळायचे, आणि मी त्यांचे चेहरे बघायचो. तुझा चेहरा मी एकदाही बघितला नाही. तू मागे असायचीस. तुझी मान कशी लाल व्हायची ते मला ठाऊक नाही. शाळेतली मुलं तुला “बाही वर कर” म्हणून चिडवतात, असं तुझी आई एकदा म्हणाली होती. मी म्हणालो, ख्रिस्तासाठी सोसायचं असतं. सोसत होतीस तू आणि शिकवत होतो मी.

शेवटच्या रविवारी तू बाही वर केली नाहीस. मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा वळून बघितलं तर तू बसथांब्याच्या दिशेने चालली होतीस.

चुकलो मी. मार्चच्या पत्रात जे विचारलं ते मागे घेतो.

पापा


लोता, २९ ऑगस्ट १९९९

एल्सिरा,

वाईट बातमी आहे आणि ती मीच देतो, सुनिल्दाबाईंना लिहायला लावत नाही. मी पुन्हा प्यायलो.

कोणी मेलं नव्हतं, कोणी आग्रह केला नव्हता. शनिवारी दुपारी पोती विकून येत होतो, पाय आपोआप वळले. नऊ महिने झाले होते. मला वाटलं होतं, मागचं पत्र लिहिलं, तुझी माफी मागितली, आता आतून काहीतरी हललंय, आता देव मला सोपं करील. तसं काही होत नाही. पत्र लिहून माणूस चांगला होत नाही.

रविवारी सकाळी पाळकांकडे गेलो आणि सांगितलं. ते हातातल्या पेल्यातला कडू ‘माते’ चहा ढवळत राहिले. “बंधू, मग वर्ष पुन्हा आजपासून,” म्हणाले. मी म्हणालो, “माझं नावच काढून टाका ना. तुमचीही कटकट जाईल.” ते म्हणाले, “नाव काढायचं असतं तर तुम्ही घरी बसला असतात. इथे कशाला आलात?”

सुनिल्दाबाई पावाची टोपली घेऊन आल्या. मी खाटेवर तोंड फिरवून पडलो होतो. सांगितलं की मी प्रार्थना करतो आणि पलीकडे कोणी नसतं. खाली खाणीत माणूस दगडाखाली सापडला की तो आतून ठोकतो आणि बाहेरचे ठोकून उत्तर देतात. मी ठोकतोय, उत्तर नाही. त्या म्हणाल्या, “मग ठोकणं बंद करणार का तुम्ही? खाली कधी केलं होतंत?” मी म्हणालो, “मला उठवतच नाही, बाई.” तर म्हणाल्या, “उठा म्हणून कोण सांगतंय? पडलात तिथूनच बोला त्याच्याशी. आणि पाव गरम आहे तोवर खा, नाहीतर तोही वाया जाईल.”

पाव खाल्ला. प्रार्थनेत काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. शिव्याच जास्त होत्या. आज सकाळी पुन्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. नोलास्को म्हणाला, “आलास? मी म्हटलं, तुला बढती मिळाली.”

पापा


लोता, १७ ऑक्टोबर १९९९

एल्सिरा,

तुझं पाकीट आलं. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मी ओल्या हातांनीच घेतलं, त्यामुळे पत्त्यावरची शाई थोडी पसरली. अक्षर तुझ्या आईचं होतं तसंच झालंय.

पाच वर्षांनी तीन ओळी. मला त्या पाठ झाल्यात. ‘पापा, त्या सकाळी तुम्ही प्यायलेले नव्हतात. मी सात वर्षांची होते, मला सगळं आठवतं. हे तुम्ही कधी लिहिलंत तर बाकीची पत्रं वाचेन.’ म्हणजे आधीची चारही तू वाचली नाहीस. ठीक आहे.

आता तू म्हणतेस त्याबद्दल. सोळा वर्षं झाली त्याला. आदल्या दिवशी मी प्यायलो असेन, ती अंगात असेल. दारू काही एका रात्रीत उतरत नाही. तू लहान होतीस, तुला वास कळला नसेल. माणसाच्या आठवणीत पुढचं मागे होतं. दारू नसती तर माझ्या हातून असं झालंच नसतं, एवढं तरी मान.

तुझ्या मुलीचं नाव कळव.

पापा


लोता, २४ सप्टेंबर २०००

एल्सिरा,

ऑक्टोबरचं माझं पत्र तू त्याच पाकिटात घालून परत पाठवलंस. सोबत एक अक्षर नाही. ते पत्र मी अकरा महिने टेबलाच्या खणात ठेवलं. खण उघडला की वरतीच असायचं.

आज लिहितो. यात घसा नाही, आदला दिवस नाही.

रात्रपाळी करून मी सकाळी सातला वर आलो. मुकादमाने सगळ्यांसमोर मला बायकी म्हटलं होतं आणि मी ऐकून घेतलं होतं. घरी आलो. तुझी आई पाणी आणायला नळावर गेली होती. शेगडीवर किटली उकळत होती. तू नेहमीसारखी धावत आलीस आणि माझ्या पिशवीत हात घातलास, खाणीतून परत आणलेला पाव शोधायला. रोज तुझ्यासाठी तुकडा ठेवायचो. त्या दिवशी रागाच्या भरात सगळा खाल्ला होता. तू म्हणालीस, “सगळा तुम्हीच खाल्लात?” आणि हसलीस. तुला काय ठाऊक मुकादमाचं! मला वाटलं, घरात पोरगीसुद्धा हसते. मी किटली उचलली. ती सटकली नाही, सांडली नाही. मी फेकली. तू हात आडवा धरलास म्हणून तोंड वाचलं.

त्या सकाळी माझ्या पोटात एक थेंब नव्हता. दारू मी दुपारी प्यायलो, तुला दवाखान्यात नेल्यावर, तुझं रडणं ऐकवेना म्हणून. चार वर्षांनी मंडळीत आलो तेव्हा साक्ष कशी द्यायची ते शिकलो. आधी अंधार, मग उजेड. मी ती दुपार उचलून सकाळच्या आधी ठेवली. एवढंच केलं. सगळं कसं नीट बसलं! दारूने किटली फेकली, देवाने दारू सोडवली, झालं. तुझ्या आईला ठाऊक होतं. ती शेजारी गिटार वाजवायची आणि मान वर करायची नाही. तुला ठाऊक होतं. माझ्या खोटेपणाचा पुरावा म्हणून मी तुलाच बाही वर करायला लावत होतो.

अकरा वर्षं मी बाटलीशी भांडलो आणि जिंकलो म्हणून कोपऱ्यावर ओरडत राहिलो. किटली फेकणारा माणूस बाटलीत नव्हताच. तो टाय लावून माझ्याबरोबर मंडळीत येत होता. त्याच्यासाठी मी एकदाही प्रार्थना केली नाही, कारण तो आहे हेच मी कुणाला सांगितलं नव्हतं. देवालाही नाही. आता करतो. रोज करतो. तो अजून गेलेला नाही. परवाच एका पोराने माझ्या जाळ्यावर पाय दिला तेव्हा माझा हात वर गेला होता. थांबला, पण वर गेला होता.

वर्ष गेल्या महिन्यात संपलं. धड गेलं. आज पाळकांनी मला पुढे बोलावलं. माझं मेंडोलिन नव्या तारा लावून खुर्चीवर ठेवलं होतं. सगळे वाट बघत होते. एफ्राइन तर आधीच हसत होता. मी म्हणालो, “माझ्या साक्षीत एक हात आहे. तो माझा नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलणार नाही. एवढंच सांगतो, की ज्या पापाला मी दारू म्हणत आलो ते मी शुद्धीत केलं होतं. ती साक्ष ऐकून जे इथे आले त्यांची मी माफी मागतो. ती खोटी होती.”

कोणी “गौरव” म्हणालं नाही. शेगडीतला कोळसा फुटल्याचा आवाज आला. पाळक जवळ येऊन हळूच म्हणाले, “बंधू कुस्तोदिओ, यात विजय कुठे आहे?”

“नाहीये, पाळकसाहेब. अजून नाहीये.”

ते म्हणाले, “आणखी काही दिवस मागेच बसा. मलाही विचार करावा लागेल.” मी मेंडोलिन तिथेच ठेवलं आणि मागे आलो. नोलास्को एकटाच, झोपेतून उठल्यासारखा, जोरात म्हणाला, “देवाला गौरव!” बहिऱ्या म्हातारीने त्याला कोपर मारलं.

बाहेर पडताना मिर्ता माझ्यापाशी थांबली. एफ्राइन दारात छत्री उघडत होता. ती त्याच्याकडे बघत, ओठ न हलवता म्हणाली, “बंधू, हे एकदा माझ्या घरी येऊन सांगाल?” मी हो म्हणालो. गुरुवारी जाणार आहे. एफ्राइन काय करील ठाऊक नाही.

तू म्हणाली होतीस, हे लिहिलं तर बाकीची पत्रं वाचेन. वाचू नकोस. त्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेलं रडगाणं. हे एक पुरे. उत्तराचीही वाट बघत नाही. म्हणजे बघतो, पण ते तुझ्यावर नको. पुढच्या रविवारी मी त्याच बाकावर असेन, आणि त्याच्या पुढच्या रविवारी.

तुझी मुलगी आता चालत असेल, बोलत असेल. तिने कधी विचारलं की आई, हाताला काय झालं, तर खरं तेच सांग. आजोबा दारू प्यायले होते असं सांगू नकोस.

तिकडे अजून बर्फ असेल. बाही खाली असू दे.

कुस्तोदिओ